शाळेची पायरी चढायची कशी? रॅम्प, एकास बारा आणि बरंच काही

मूल शाळेत जायला लागलं की आपण म्हणतो, पोरगं शाळेची पायरी चढलं. गोव्यात ही पायरी खरीखुरी असते आणि एक नाही, तीन-चार असतात, कारण वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो तिथे जोतं उंच घेतल्याशिवाय कोण बांधेल. घराचं ठीक आहे हो, पण शाळेचं जोतं दोन फूट वर गेलं की काही मुलं त्या पायरीशीच अडकतात.

२०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हापासून आपल्याकडे 'इन्क्लुझिव्ह', 'ॲक्सेसिबल' हे शब्द भाषणात पण येतात आणि बॅनरवर पण. मग नोव्हेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, त्याबद्दल खाली लिहितो. पण हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण आमच्या पालक-शिक्षक संघाची मीटिंग. एक पालक म्हणाले, "आपल्या शाळेत रॅम्प आहे की, अजून काय पाहिजे?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी नकाशे काढतो. आर्किटेक्ट नाही, ड्राफ्ट्समन, वीस वर्षं डिचोलीत बसून लोकांच्या घरांचे प्लॅन काढतोय. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. मग टेप घेऊन शाळेत गेलो आणि थोडं वाचलं, त्याचा हा वृत्तांत समजा.

आधी तीन शब्द, मग परत जड शब्द नाही काढणार

पहिला, सुगम्यता. म्हणजे मुलाला गेटपासून बाकापर्यंत, बाकापासून संडासापर्यंत, तिथून ग्राउंडवर आणि परत घरी, कोणी उचलून न नेता जाता येणं. आणि पोचल्यावर तिथे जे चाललंय ते दिसणं, ऐकू येणं, कळणं. हा दुसरा भाग बहुतेक लोक विसरतात.

दुसरा, युनिव्हर्सल डिझाइन. अमेरिकेत रॉनल्ड मेस नावाचे आर्किटेक्ट होते, लहानपणी पोलिओ झालेला, स्वतः व्हीलचेअरवर. त्यांनी हा शब्द रुळवला आणि १९९७ मधे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची सात तत्त्वं मांडली. सोप्या भाषेत सांगायचं तर वेगळ्या माणसांसाठी वेगळं दार काढू नका, एकच दार असं काढा की सगळे त्यातूनच येतील. दाराला गोल नॉब लावला तर ओल्या हाताने फिरत नाही, लहान मुलाला फिरत नाही, हाताला प्लास्टर असेल तर नाहीच. दांडीवालं हँडल लावलं तर कोपराने पण उघडतं, आणि हातात पुस्तकांचा गठ्ठा घेतलेली टीचरसुद्धा खुश.

तिसरा, वाजवी सोय. लग्नात पंगतीला आचारी तिखट, फिकं, गोड सगळंच करून ठेवतो, कोण काय खाईल ते माहीत नसतं म्हणून. ही झाली सुगम्यता, ती आधीच करून ठेवायची, कोणी मागायची वाट बघायची नाही. आणि एखाद्या पाहुण्याला शेंगदाणे चालत नाहीत म्हणून त्याचं ताट वेगळं वाढतात, ती झाली वाजवी सोय, त्या एका मुलाच्या गरजेपुरती. घोळ इथेच होतो. शाळा म्हणते "मूल येऊ दे, मग बघू काय करायचं ते", म्हणजे आख्खी पंगतच ताटावर आल्यावर रांधायला घेणार.

रॅम्प आहे ना, मग?

केंद्र सरकारची यूडायस प्लस म्हणून शाळांची नोंद असते. २०२४-२५ च्या नोंदीत देशातल्या ५४.९ टक्के शाळांमधे रॅम्प आणि कठडा आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या शाळांत नाहीच. आणि जिथे 'आहे' अशी टिक मारलेली असते तिथे काय असतं ते आपण निवडणुकीच्या दिवशी बघतोच, मतदान केंद्र शाळेतच असतं, आदल्या रात्री पायऱ्यांवर एक प्लायवूडची फळी टाकतात आणि दोन दिवसांनी ती फळी गायब.

रॅम्पचा नियम सोपा आहे, एकास बारा. एक फूट वर चढायचं तर बारा फूट लांबी. आपलं जोतं दोन फुटांचं, म्हणजे साधारण ६० सेमी, तर रॅम्प झाला ७.२ मीटर, शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा, चाकाची खुर्ची वळवायला. एकूण दहा मीटरच्या वर. प्लॅनवर ही लांबी बघितली की शाळावाले म्हणतात एवढी जागा कुठली, आणि मग तीन पायऱ्यांच्या बाजूला घसरगुंडी बांधून मोकळे होतात.

पण बाराच का, हे एकदा हिशोब केल्यावर मला पटलं. मूल ३० किलोचं, खुर्ची १५ किलोची धरा, एकूण ४५. एकास बाराच्या उतारावर ती वर ढकलायला साधारण पावणेचार किलोचा जोर लागतो, एक दप्तर उचलल्यासारखं. एकास पाच केला तर नऊ किलो. एकास तीन केला, आणि असे मी स्वतः पाहिलेत, तर चौदा किलोच्या वर, म्हणजे घरच्या सिलिंडरमधे जेवढा गॅस असतो तेवढं वजन दहा वर्षांच्या पोराने हातांच्या जोरावर ढकलत राहायचं. आणि उतरताना तर विचारूच नका.

रुंदी किमान १.२ मीटर. दोन्ही बाजूंना कठडा, तो पण दोन उंचींवर, एक मोठ्यांसाठी साधारण ९० सेमीवर आणि एक खाली, मुलांच्या हाताला येईल असा. स्वयंपाकघराचा ओटा घरात कोणाच्या मापाने करायचा यावरून किती घरात कुरबुर होते ते सगळ्यांना माहीत आहे, शाळेत मात्र बेसिन, नळ, कड्या सगळं मास्तरांच्या मापाने.

आणि गोव्यासाठी एक खास गोष्ट, कुठल्याच पुस्तकात एवढ्या जोराने सांगत नाहीत. रॅम्पला गुळगुळीत टाइल घालू नका हो! जुलैमधे आपल्याकडे चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीवर पण शेवाळ येतं, रॅम्पवर येणार नाही? पाहुण्यांना चकचकीत दिसावं म्हणून व्हिट्रिफाइड टाइल लावतात आणि पहिल्या पावसात शिपाईमामाच आडवे. साधं सिमेंट करा, ओलं असताना गवंड्याला सांगून त्यावर आडवा खराटा ओढून घ्या, रेघा उठतात, पाय घसरत नाही. याला पैसे लागत नाहीत, खराटा शाळेत असतोच.

पाइप दहा, जोड नऊ

आता ज्या शाळेत टेप घेऊन गेलो तिथलं सांगतो. चौथीत एक मुलगी आहे, वॉकर घेऊन चालते. रॅम्प आहे, अगदीच वाईट नाही, एकास दहा वगैरे असेल. पण रॅम्पच्या तोंडाशी स्कूटर लावलेली होती. गेटपासून रॅम्पपर्यंत लाल माती, पावसात चिखल, वॉकरचे पाय रुततात. व्हरांड्यातून वर्गात जाताना दाराला चार बोटांचा उंबरा. वर्गात गेल्यावर बाकांमधून वॉकर जात नाही, म्हणून ती कायम दाराजवळ, फळा तिरका दिसतो. आणि संडास मागच्या बाजूला, दोन पायऱ्या उतरून, दार आत उघडणारं.

तिची आई मला म्हणाली, "भाऊ, बाटली भरून देते रोज, दुपारी तशीच भरलेली परत येते." मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, पाणी प्यायलं तर जावं लागेल, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. नऊ वर्षांची पोर, गोव्याच्या उन्हाळ्यात.

नळाची लाइन टाकताना दहा पाइप आणले आणि एक जोड राहिला तर नळाला पाणी येतं का? शाळेचं तसंच आहे. रॅम्प हा एक पाइप. गेट, वाट, रॅम्प, उंबरा, दार, वर्ग, फळा, पाणी, संडास, स्टेज, ही सगळी एकच लाइन आहे आणि आपण एकाच पाइपाचा फोटो काढून रिपोर्टला जोडतो.

म्हणून रस्ता मोजायचा. दाराची मोकळी रुंदी ९० सेमी, उंबरा नको किंवा त्याला दोन्ही बाजूंनी ढाळ. वळायला दीड मीटरचं वर्तुळ. गटारावरच्या जाळीची फट १२ मिलिमीटरपेक्षा मोठी नको, नाहीतर खुर्चीचं पुढचं छोटं चाक आणि काठी दोन्ही त्यात अडकतात. स्टेजला पण वाट हवी, कारण गॅदरिंगला बक्षीस घ्यायला सगळी मुलं वर जातात आणि एकटीला खाली उभी करून देतात, हे मी पाहिलंय आणि तेव्हा मी पण टाळ्याच वाजवल्या.

संडासाबद्दल थोडं जास्त बोलतो

लोक लाजतात म्हणून हा मुद्दा मागे पडतो, पण माझ्या मते शाळा सगळ्यांची आहे की नाही ते इथेच कळतं. लागतं काय? खुर्ची आत जाऊन वळेल एवढी जागा, म्हणजे साधारण दोन मीटर बाय दोन मीटरच्या वरची खोली. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि कोणाला उघडता येत नाही. भांड्याच्या बाजूला पकडायला दांडे. नळ, मग, कडी, सगळं बसून हाताला येईल असं. मोठ्या मुलींसाठी पॅड टाकायला डबा आणि एक हूक, एवढंच.

आणि कुलूप नको. अशा संडासांचं पुढे काय होतं माहितीय ना, त्यात झाडू, फिनेलचे कॅन, गॅदरिंगचं सामान, योगाच्या मॅट. चावी हेडमास्तरांच्या ड्रॉवरमधे. मूल वर्गातून उठून ऑफिसात जाऊन चावी मागणार, सगळ्यांसमोर? नाही मागत, घरी जाईपर्यंत थांबतं.

व्हीलचेअर दिसते, बाकीचं दिसत नाही

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते. त्यात कमी दिसणं, कमी ऐकू येणं, ऑटिझम, शिकण्यातल्या अडचणी हे सगळं येतं. म्हणजे ज्यांना रॅम्प लागतच नाही अशी मुलं पण भरपूर, आणि इमारत त्यांना पण अडवते.

आवाजाचं घ्या. पूर्वी शाळांवर नळे, म्हणजे कौलं होती, आता पत्रे आले, स्वस्त पडतात, गळत नाहीत. पण जूनमधे पत्र्यावर पाऊस सुरू झाला की टीचर काय बोलते ते पहिल्या बाकाला पण ऐकू जात नाही, कानाला मशीन लावलेल्या मुलाची तर वाटच लागते, कारण मशीन टीचरचा आवाज मोठा करते तसा पावसाचा पण करते. दुसरा त्रास घुमण्याचा. नवीन फ्लॅटमधे सामान लावायच्या आधी बोललं की कसं घुमतं, वर्ग कायम तसाच असतो, गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती. अमेरिकेतल्या मानकात रिकाम्या वर्गासाठी घुमणं ०.६ सेकंदांच्या आत हवं म्हणतात. आपण सेकंद नाही मोजले तरी पत्र्याखाली आवाज शोषणारं सीलिंग आणि मागच्या भिंतीला जाड सॉफ्टबोर्ड एवढ्याने फरक कळतो. आणि फुकटातला उपाय, टीचरने खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, तोंडावर उजेड हवा, ओठ बघून समजणारी मुलं असतात.

कमी दिसणाऱ्या मुलांसाठी पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, एक डबा ऑइलपेंटचं काम. फळ्यावर खिडकीची चमक पडते का ते मागच्या कोपऱ्यात बसून बघायचं. आणि आपल्या व्हरांड्यांचा जुना दोष, वर्गाच्या खिडक्या बाहेर व्हरांड्यात उघडतात, पाखा, म्हणजे खिडकीची झडप, बरोब्बर मुलांच्या कपाळाच्या उंचीला. काठी जमिनीवर फिरते, तिला वरचा पाखा लागतच नाही, तो थेट डोक्याला लागतो. शाळेची घंटा म्हणून टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा पण तसाच. ऑटिझम असलेल्या मुलाला हीच घंटा कानात सुरी घातल्यासारखी वाटू शकते, त्याच्यासाठी लायब्ररीच्या बाजूला एक शांत कोपरा, एक पडदा आणि चटई, एवढं पण पुष्कळ आहे.

"पण आमच्या शाळेत असं मूलच नाही"

हे सगळ्यात जास्त ऐकायला येतं. नदीवर पूल नसेल तेव्हा "पलीकडून कोणी येतच नाही, पूल कशाला" असं म्हणण्यासारखं आहे. पालक ॲडमिशनच्या आधी शाळा बघून जातात, पायऱ्या बघतात आणि काही न बोलता परत जातात, तुमच्या रजिस्टरमधे ते कुठे येणार? शिवाय आज नसेल, उद्या फुटबॉल खेळताना कोणाचा पाय मोडेल, टीचर गरोदर असेल, गॅदरिंगला आजी येईल गुडघे धरून.

"खास शाळा आहेत की त्यांच्यासाठी"

आहेत, आणि चांगलं काम करतात, पर्वरीचं संजय स्कूल आहे, फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान आहे. काही मुलांना तिथे जे मिळतं ते गावच्या शाळेत मिळणार नाही, हे पण खरं आणि ते मान्य करायला हवं. पण कायदा निवड कोणाला देतो ते बघा. ठरावीक प्रमाणात, म्हणजे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या खास शाळेत. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरून रोज पर्वरीला कोण नेणार आणणार? आणि निवड आहे म्हणायचं तर दोन्हीकडे आत जाता आलं पाहिजे.

"पैसे कुठून आणायचे?"

नवीन इमारत असेल तर हा प्रश्न बराचसा खोटा आहे, कागदावर रेघ ९० सेमीची ओढली काय आणि ७५ ची ओढली काय. मी स्वतः इतकी वर्षं संडासाची दारं ७५ च काढत आलो, कोणी विचारलं नाही, मी पण नाही विचारलं.

रॅम्पची एक युक्ती सांगतो, रॅम्प बांधूच नका. अंगणच उचला. एकास वीस असा हलका चढ दिला तर ६० सेमीला १२ मीटर वाट लागते, त्याला कोणी रॅम्प पण म्हणत नाही, सगळीच मुलं त्या वाटेने येतात, 'वेगळ्यांची वाट' असा प्रकारच राहत नाही. चिऱ्याच्या खाणीवरचा चुरा भरायला मिळतो. फक्त इमारतीला लागून पाण्याला वाट ठेवा, गटार आणि वर जाळी, नाहीतर पहिल्या पावसात वर्गात पाणी आणि शिव्या मला.

जुन्या इमारतीत खर्च आहे, नाही म्हणत नाही. पण सगळ्यात मोठा उपाय फुकट आहे. त्या मुलाचा वर्ग खाली आणा. "पाचवीचा वर्ग पहिल्यापासून वरच आहे" हे मी कानाने ऐकलंय, जसा काही वर्ग जमिनीत रुजलाय. लायब्ररी, कॉम्प्युटर लॅब पण शक्यतो खाली, ऑफिस वर गेलं तरी चालेल.

कोर्टाने नक्की काय म्हटलं?

राजीव रतुरी यांना स्वतःला दिसत नाही, त्यांनी २००५ मधे सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेसाठी याचिका केली होती. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलं की २०१६ चा कायदा 'करायलाच हवं' म्हणतो, पण २०१७ च्या नियमांमधला १५ वा नियम ज्या मापदंडांकडे बोट दाखवतो ते नुसत्या शिफारशींसारखे आहेत, म्हणून तो नियम कायद्याच्या विरुद्ध आहे. सरकारला तीन महिने दिले, किमान सक्तीचे नियम वेगळे काढा म्हणून. आपल्या भाषेत सांगायचं तर "हेल्मेट घातल्यास बरं" आणि "हेल्मेट नसेल तर दंड" यातला फरक.

शाळांना लागू पडेल असं कायद्यात आधीपासूनच आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेची इमारत, परिसर, सोयी सगळ्या सुगम्य हव्यात. कलम ४४ म्हणतं, नियमात बसत नसेल तर प्लॅन मंजूर करायचा नाही आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला पण द्यायचा नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती, नियम जून २०१७ चे, म्हणजे ती मुदत २०२२ मधेच संपली. कायदा मोडला तर पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी ५०,००० ते ५ लाख. तेव्हा शाळेची नवीन विंग होणार असेल तर पालक म्हणून प्लॅन मागून बघा, मीटिंगमधे मिनिट्समधे लिहून घ्या, प्लॅनवर रेघ बदलायला दोन मिनिटं लागतात, भिंत फोडायला दोन आठवडे आणि चुरा वेगळा.

मग आमच्याकडे काय झालं

स्कूटरची जागा बदलली, हे एका दिवसात झालं. चौथीचे बाक हलवून मधे वाट काढली, ती मुलगी आता दुसऱ्या रांगेत बसते. उंबऱ्याला ढाळ केला. संडासाच्या दोन पायऱ्यांच्या जागी उतार आला, दोन दिवसांचं काम, चिरे एका पालकाच्या अंगणातले, दार काढून उलटं लावलं. पकडायचा दांडा मात्र फसला. गवंड्याने नेहमीसारखे प्लास्टिकचे प्लग मारून बसवला, पण चिरा भुसभुशीत, आठवड्यात दांडा हलायला लागला, आणि हलणारा दांडा नसलेल्या दांड्यापेक्षा वाईट, कारण मूल त्यावर भार टाकतं. आता आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी द्यायची ठरलीय. पट्टी म्हापशाहून आणून ठेवलीय, गवंडी शनिवारी येतो म्हणालाय. मागच्या शनिवारी पण म्हणाला होता.